आमच्या घराचं पान

वही आली असली की मार्केटच्या फाटकातच सिताराम दोनदा हॉर्न वाजवायचा. त्या दिवशी त्याचा ट्रक मुकाट्याने आत आला. तरी मी हातातलं दाभण गोणीत खोचलं आणि त्याच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो.

"न्हाय तात्या," तो खाली उतरण्याआधीच म्हणाला.

"घरी गेलतास का?"

"गेलतो की. म्हातारी ओट्यावर बसली हुती. म्हणलं, आक्का, वही द्या. तर म्हणाली, जा तू, तुझा ट्रक उभा हाय."

"एवढंच?"

"च्या दिला. बिनसाखरेचा."

"साखर संपली असंल."

"तीन खेपा झाल्या तात्या. तीन खेपा साखर संपल्याली ऱ्हाती व्हय?" सिताराम हसला, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "भांडण झालंय का तुमचं?"

मी माझ्या गोणीकडे वळलो. महाशिवरात्र होऊन गेली होती. सोलापूरकडचा कांदा तुर्भ्याला येतो तो पाडव्यापर्यंत. मग तिकडचे ट्रक बंद होतात ते दिवाळीपर्यंत. म्हणजे सितारामच्या फार तर दोन खेपा राहिल्या होत्या. त्या दोन खेपांत वही आली नाही, तर माझ्या बहिणीने माझ्याशी संबंध तोडला असं मला समजावं लागणार होतं. आणि तिने तोडला असता तर तिला कोणी नाव ठेवलं नसतं.

ही वही कसली, ते आधी सांगतो.

मी हौसेराव. तीस वर्षं हमाली केली. आधी मुंबईत, आणि बाजार तुर्भ्याला हलला तसा त्याच्यामागे इकडे. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गोणीवरचे मार्के बघून कुठला माल कुठल्या गाळ्याचा ते मी धावता धावता सांगायचो. कोणाचा त्रिशूळ, कोणाचं कमळ, कोणाच्या दोन लाल रेघा. अक्षरावाचून माझं काही अडलं नाही. मग पाठ गेली. हमालांच्या टोळीने मला काढलं नाही, फाटक्या गोण्या शिवायला बसवलं. दाभण, सुतळी आणि मी. दिवसभर बसून राहायची सवय नव्हती. त्याच सुमारास युनियनच्या हॉलमध्ये प्रौढांचा वर्ग सुरू झाला आणि मी पंचावन्नाव्या वर्षी पाटी घेऊन बसलो. शिकवायला शालनबाई, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी पहिल्या दिवशी 'कमळ' लिहून दाखवलं. मी म्हटलं, "बाई, कमळ मी गोणीवरच बघितलंय, आम्हाला कांदा शिकवा." त्यांनी खरंच कांदा शिकवला.

पहिलं पोस्टकार्ड आक्काला टाकलं. आक्का म्हणजे शकुबाई, माझ्याहून चार वर्षांनी थोरली. आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा गावातले निम्मे लोक सोलापूरकडच्या काळ्या रानात नेऊन बसवले. ती तिकडे गेली. मी मुंबईला आलो. वर्षाकाठी कोणाच्या तरी लग्नात भेट व्हायची, तीही दोन घास खाण्यापुरती. माझ्या पोस्टकार्डाला महिन्याने उत्तर आलं, आणि ते तिने स्वतः लिहिलेलं होतं. तीही तिकडच्या वर्गात बसत होती. लिहिलं होतं, 'तुझं अक्षर म्हंजी गोणी फाटून कांदं सांडल्यावानी.' त्याखाली तिची सही. त्या सहीतला 'कु' उताणा पडला होता, पण ते मी तिला कधी लिहिलं नाही.

पुढे एकदा लोहाराच्या घराला पायऱ्या किती, यावर आमचा कार्डावर वाद झाला. ती म्हणे दोन, मी म्हणे पायरीच नव्हती, दगड होता. कार्ड पुरेना. म्हणून मी दोनशे पानांची लांब वही घेतली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली आणि सितारामच्या हाती दिली. त्याचा ट्रक तिच्या गावावरूनच भरून येतो. पहिल्या पानावर लिहिलं, 'आपण सगळं गाव लिहू.'

एकतीस घरं होती. एकेका घराला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर तिने लिहायचं, उजव्या पानावर मी. एक घर तिने सुरू करायचं, पुढचं मी. खाली दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढच्या घरात पाय टाकायचा नाही. तिला घराचं आतलं आठवायचं. चूल कोणत्या तोंडाची, कुठल्या खोलीत कोण बाळंत झालं, कोणाच्या कणगीला उंदीर लागायचे. मला बाहेरचं. कौलं किती फुटकी, परड्यातल्या आंब्यावर कुठून चढायचं, कोणाचं कुत्रं चावायचं. तीन वर्षं अशी वही आली, गेली. बायको गेल्यावर मी एवढा कोणाशी बोललो नव्हतो.

एकोणतीस घरं झाली. तिसावं आमचं. शेवटचं नदीकडेचं सुताराचं. आमचं घर सुरू करायची पाळी माझी होती.

घराचा सरकारी नंबर लिहावा म्हणून मी ट्रंक उपसली. तळाशी वडिलांची पागोट्याची चिंधी, तिच्यात दोन नोटिसा, आणि नोटिसांच्या मागे एक घडी घातलेला स्टँपपेपर. तो ट्रंकेत होता हे मला माहीत होतं. छत्तीस वर्षं तो माझ्याबरोबर फिरत होता. पण आजवर तो माझ्यासाठी कागद होता. त्या दिवशी तो मला वाचता आला.

मी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. खाली सही करणार शकुबाई, वडिलांच्या मिळकतीतला आणि त्या मिळकतीच्या बदली मिळणाऱ्या जमिनीतला आपला हक्क भावाच्या लाभात स्वखुशीने सोडत आहे. 'स्वखुशीने' या शब्दापाशी मी अडलो. दोनदा वाचला. खाली दोन अंगठे होते. साक्षीदार म्हणून माझा, आणि डावीकडे तिचा. तिच्या अंगठ्याच्या रेघांत मध्येच एक पांढरा डाग आहे. तिथे शाई बसली नाही. कारण तिच्या हाताला पीठ होतं.

ते पीठ मला आठवतं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. आक्काचा नवरा वारला होता आणि ती दोन वर्षांचं पोर घेऊन आमच्याकडे राहत होती. वडील जाताना म्हणाले होते, आंब्याखालचा तुकडा शकूचा. गाव उठायच्या महिन्यात चुलता कागद घेऊन आला. मला परड्यात नेऊन म्हणाला, "बहिणीचं नाव राहिलं तर वाटपात खोळंबा होईल. आत्ता कमी करू, मागनं घालू." मागनं घालतील का, हे मी विचारलं नाही. चुलता म्हणाला, "तुझं ऐकंल ती. तू जा." मी आत गेलो. ती भाकरीचं पीठ मळत होती. मी म्हणालो, "आक्का, सामान न्यायच्या सरकारी गाडीच्या यादीत नाव घालायचंय, अंगठा दे." तिने हात पदराला पुसला आणि पुढे केला.

नाव मागनं कोणी घातलं नाही. सोलापूरकडची जमीन माझ्या एकट्याच्या नावावर आली. चुलत्याने काही वर्षं कसली, मग मी ती विकली आणि तो पैसा कोपरखैरण्याच्या या घरात घातला. विकली तेव्हा आक्काला सांगायला गेलो होतो. ती नुसतं 'बरं' म्हणाली. ती तिथेच राहिली, गावठाणातल्या दोन खणांत, आणि लोकांच्या रानात खुरपायला जात राहिली. त्यात एक रान ते होतं, जे मी विकलं.

हे सगळं मला माहीतच होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्याच बोटाखाली वाचणं वेगळं.

मी घरात सांगितलं की हे मी वहीत लिहिणार. मुलगा धर्मराज महापेच्या कारखान्यातून नुकताच आला होता, पायातले बूटही काढले नव्हते.

"आबा, ह्या वयात कशाला टेन्शन घेताय? आत्या काही बोलली का?"

"नाही."

"मग? उद्या तिचा पोरगा वही घेऊन वकिलाकडे गेला तर? तुमच्या हातचं लिहिलेलं, खाली तुमची सही. हे घर आहे आपलं, भाड्याचं नाही."

सून सुनयना पोळ्या लाटत होती. ती वळली. "मामा, तुम्ही जा ना सोलापूरला. पाया पडा आत्याबाईंच्या, तोंडानं सांगा. रडा हवं तर दोघं. पण लिहू नका. बोललेलं विसरतं माणूस. लिहिलेलं बसून राहतं."

"म्हणूनच लिहायचं," मी म्हणालो.

"हे शालनबाईंनी शिकवलं का?"

"बाईंनी कांदा शिकवला. एवढं शिकून फक्त कांदाच लिहायचा का मी?"

धर्मराज बूट काढत पुटपुटला, "कांदाच बरा होता."

खरं सांगायचं तर सुनयनाचं म्हणणं चूक नव्हतं. जाऊन सांगता आलं असतं. पण जायचं म्हणजे आक्काचं तोंड समोर येणार. तिने डोळ्यांत बघितलं की मी आजही आठ वर्षांचा होतो. मग मी अर्धंच सांगितलं असतं, उरलेलं चुलत्यावर ढकललं असतं. वहीत तोंड नसतं. वहीत मी चुलत्याला एकाच ओळीत आणला आणि बाकीच्या पानावर 'मी', 'मी', 'मी' असं लिहिलं. चार दिवस लागले. पायऱ्या तीन, छपरावर एवढी कौलं, परड्यात फणस, आणि मग अंगठा. सूनबाई लिहू नको म्हणते, तेही लिहिलं. खाली सही केली. डावं पान तिच्यासाठी कोरं सोडलं.

सितारामला वही दिली आणि ट्रक हलला. फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, मी त्याच्यामागे धावलो. साठ वर्षांचा माणूस, एका हातात दाभण घेऊन. त्याला आरशात दिसलो नाही. बरं झालं की वाईट, ते मला कळेना.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. गोणी शिवायला घ्यायचो आणि अर्ध्यात उठायचो. वजनकाट्यापर्यंत जायचो, परत यायचो. एकदा गोणीच्या तोंडाबरोबर माझ्या सदऱ्याची बाहीच शिवून टाकली आणि उठायला गेलो तर गोणी माझ्याबरोबर उठली. टोळीत मला शिकल्यापासून गुरुजी म्हणतात. एकजण ओरडला, "गुरुजी, स्वतःलाच पॅक करताय काय? कुठल्या मार्केटला धाडायचं?" दुसरा म्हणाला, "धाडा सोलापूरला, तिकडंच जीव अडकलाय." सगळे हसले. मीही हसलो. मग सुतळी कापताना बोट कापलं.

शालनबाई रस्त्यात भेटल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "बाई, लिहिलेलं परत कसं घ्यायचं ते तुम्ही शिकवलं नाही."

"ते मलाही येत नाही काका," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या खेपेलाही वही आली नाही, तेव्हा मी एसटीडी बूथवर गेलो. आक्काच्या गावात किराणा दुकानात फोन आहे. दुकानदार म्हणाला, थांबा, बोलावतो. काचेच्या खोक्यात मी उभा, समोर लाल आकडे पळताहेत. बऱ्याच वेळाने दुकानदारच बोलला.

"आक्का येत न्हाईत म्हणाल्या."

"बरी आहे ना ती?"

"ठणठणीत. निरोप दिलाय. म्हणाल्या, काय आसंल ते लिहून पाठव म्हणावं, लई लिहायला येतंय त्याला."

मी बाहेर आलो तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. चार पोस्टकार्डं घेतली. पहिल्यावर लिहिलं, 'आक्का, वही परत दे.' फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, 'आक्का, शिव्या दे.' तेही फाडलं. उरलेली दोन कोरी खिशात घेऊन फिरत राहिलो. त्यांच्या कडा मऊ झाल्या.

तिसरी खेप झाली ती मी सुरुवातीला सांगितली. चौथीलाही सिताराम मान हलवतच उतरला. पाडवा चार दिवसांवर आला आणि सितारामची शेवटची खेप आली. मी फाटकावरच उभा होतो. हॉर्न वाजला, पण एकदाच. लांबलचक.

"एकदाच का वाजवलास?" मी ट्रकबरोबर चालत चालत विचारलं.

"कारण वही हाय, पण माझ्याकडं न्हाय."

"म्हणजे?"

"गोणीत हाय. कांदा भरायला आली हुती म्हातारी, रोजानं. एका गोणीत घातली आन स्वतः तोंड शिवलं. कुठल्या, ते मला सांगितलं न्हाय. म्हणाली, हमाल हाय ना त्यो? गोणीकडं बघून सगळं वळखतो म्हणतो ना? वळख म्हणावं."

ट्रकात एकशे साठ गोण्या होत्या. गाळ्याला ट्रक लागला आणि टोळी चढली. पाठीवर गोणी, खाली थप्पी, परत पाठीवर गोणी. मी थप्पीपाशी उभा राहून एकेक बघू लागलो. तिला लिहिता येतं, म्हणून मी नाव शोधत होतो. 'शकुबाई', नाहीतर नुसता 'श', नाहीतर माझंच नाव. शेतकऱ्याच्या नावाचा शिक्का सगळ्यांवर एकच. मी गोण्या फिरवून बघितल्या, बुडं बघितली. चुन्याची रेघ असेल, कोळशाची असेल. काही नाही.

"गुरुजी, बाजूला व्हा, पाय चेंगरंल."

"वही आहे रे माझी ह्यात."

"हजेरी घेताय काय कांद्यांची?"

तोवर मुकादमाने नमुन्याच्या गोण्या फोडून घेतल्या आणि लिलाव सुरू झाला. माल बरा होता, पटकन गेला. तीन व्यापाऱ्यांत वाटला गेला आणि त्यांचे टेंपो मागे लागायला लागले. मी एका थप्पीवरून दुसरीकडे पळत होतो. एक टेंपो वाशीला, एक ठाण्याला, एक कुठे कोणास ठाऊक. एकदा गोणी टेंपोत चढली की ती गेली. कोणीतरी परक्या गावात तिचं तोंड उसवणार, आणि कांद्यांतून माझं पान बाहेर पडणार.

मी दमून थप्पीला टेकलो. हात आपोआप एका गोणीच्या तोंडावर गेला, दिवसभर जातो तसा. शेतावर गोणी शिवतात ती चार लांब टाके मारून, खालीवर, की झालं. माझ्या बोटांना ते पाठ आहेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उगाच डोळ्यांनी शोधतोय. आक्का जन्मभर गोधड्या शिवत आली. तिच्या हातून लांब टाका पडणारच नाही.

मी डोळे मिटल्यासारखेच केले आणि हात फिरवत निघालो. लांब, लांब, लांब. पहिली थप्पी संपली. दुसरी संपली. तिसऱ्या टेंपोत निम्म्या गोण्या चढल्या होत्या. मी टेंपोला हात घातला आणि आत चढलो.

"ओ म्हातारबा, खाली उतरा!"

"थांब, देवाशपथ थांब."

मागच्या बाजूच्या दुसऱ्या गोणीवर माझं बोट अडलं. बारीक, एकाला एक लागून, सुतळीचे दोन पदरी टाके, आणि कडेला पुन्हा उलटी शिवण, जशी आई कुंची शिवायची. सुतळीची गोधडी शिवली होती बयेने.

"ही माझी," मी म्हणालो.

मुकादम खालून ओरडत होता. मी ती उसवायला लागलो, पण गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. हात खांद्यापर्यंत कांद्यांत घातला. मध्यावर कापडाची घडी लागली. तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि आत वही.

तिथेच टेंपोत बसून मी आमच्या घराचं पान उघडलं. डावं पान भरलं होतं. पण पूर्ण नाही. खालची निम्मी जागा कोरी होती. वर तिने लिहिलं होतं ते असं:

'हौशा, तुझं पान मी पाच वेळा वाचलं. पयल्यांदा वाटलं, आपल्याला अजून नीट वाचता येत न्हाय. नातीकडनं वाचून घेतलं न्हाय. ज्याचं त्यानं वाचावं.

पायऱ्या तू तीन लिवल्यास. चार हुत्या. खालची शेणामातीनं लिपून लिपून बुजली हुती. मला ठावं, मी लिपत हुते.

अंगठ्याचं सांगते. गाडीच्या यादीला गावात दुसऱ्या कुठल्याच बाईचा अंगठा घेतला न्हवता. मी काय खुळी न्हवते. तरी हात पुढं केला. इचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, आन तुझ्या तोंडून मला ते ऐकायचं न्हवतं. एवढं माझं चुकलं. बाकीचं तुझं.

माफ केलं असं मी लिवणार न्हाय. छत्तीस वर्सं लोकाच्या रानात खुरपलंय. ते एका पानात बसत न्हाय.

सूनबाईला सांग, भिऊ नगं. मला तुमची खोली नगं. धर्मानं फोटू दावला हुता. खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसती, ती काय जागा हाय.

मला माझा अंगठा पायजे. त्यो तुझ्या ट्रंकेत कशाला? त्यो आपल्या घरात घेतलेला हाय, घराच्या पानावर पायजे. खाली जागा सोडलीया, तितं चिकटव. ह्याच ट्रकानं धाड. दिवाळीपतूर मी थांबायची न्हाय. आला तर बघीन सही करायची का ते. न्हाय आला तर वही चुलीत.'

मी टेंपोतून उडी मारली. पाठीतून कळ गेली.

"सिताराम, किती वाजता निघतोस?"

"एक वाजता. रिकामा जायाचाय, थांबून काय करू?"

बारा वाजून गेले होते. मुकादमाला म्हटलं, गोणी खाली काढून ठेवा, परत आल्यावर शिवतो. तो काय म्हणाला ते ऐकायला थांबलो नाही. रस्त्यावर रिक्षा मिळाली. तुर्भ्याहून कोपरखैरण्याला जाताना एक ट्रक आडवा लागला होता, आणि मी रिक्षावाल्याला इतक्या वेळा 'चल की' म्हणालो, की तो म्हणाला, "काका, डिलिव्हरी केस आहे का?"

घरी सुनयना एकटीच होती. मी काही न बोलता ट्रंक ओढली. नोटिसा, चिंधी, कागद.

"मामा, काय झालं? कोण आजारी आहे का?"

मी वही तिच्या हातात दिली आणि डाव्या पानावर बोट ठेवलं. ती उभ्याउभ्या वाचू लागली. खिडकीच्या ओळीपाशी तिने मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. समोरच्यांचं धुणं वाळत होतं.

"गोंद आहे का घरात?" मी विचारलं.

"संपलाय." ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, ह्यांना येऊ द्या, विचारू, मग बघू. ती म्हणाली, "असा मूळ कागद देऊन टाकायचा? निदान झेरॉक्स काढून आणू?"

"नको. अंगठा एकाच ठिकाणी राहू दे."

ती स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होतो. गॅस पेटल्याचा आवाज आला. ती कणकेची खळ शिजवत होती. गरम वाटी घेऊन आली, खाली बसली, आणि तिनेच बोटाने कागदाच्या मागे खळ लावली, कोपऱ्यांपर्यंत, एकसारखी. मग कागद धरून माझ्याकडे दिला. "तुम्ही चिकटवा," म्हणाली.

मी तो आक्काच्या अक्षराखाली ठेवला आणि तळव्याने दाबला. घड्यांवर कागद विरला होता, पण बसला. खाली सहीपुरती जागा उरली. पिठाचा डाग असलेला तिचा अंगठा आता तिच्याच पानावर होता. माझा अंगठाही शेजारी आलाच. तो काही कापून काढता येत नव्हता.

"ओली आहे," सुनयना म्हणाली. "मिटू नका, नाहीतर पानं चिकटतील."

मी वही दोन्ही हातांवर उघडी धरून रिक्षात बसलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा सितारामचा ट्रक बाहेर निघून कडेला उभा होता, इंजिन चालू. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"च्या प्यायचा राहिला तुमच्यापायी," तो म्हणाला.

"ही मिटू नको. वाळेपर्यंत उघडीच ठेव."

"वाऱ्यानं पानं उडत्याल की." त्याने सीटखालून दोन कांदे काढले, वही समोरच्या काचेखाली उघडी ठेवली आणि दोन्ही बाजूंना एकेक कांदा ठेवला. डावं पान, उजवं पान. "झालं? आता दिवाळीपतूर सुटलो मी तुमच्यातनं."

"तिने सही केली तर मला कसं कळणार?"

"मला काय इचारता? पोस्ट हाय, फोन हाय."

"ती फोनवर येत नाही."

"मग दम धरा," सिताराम म्हणाला आणि गिअर टाकला.

ट्रक रस्त्याला लागला. काचेखालची पांढरी पानं वळणापर्यंत दिसत होती. खिशात हात घातला तर ती दोन कोरी पोस्टकार्डं लागली. एकावर सुताराच्या घराबद्दल लिहायला काढावं असं मनात आलं, पण तिची सही झाल्याशिवाय पुढच्या घरात जायचं नाही, हा नियम मीच केला होता. मुकादमाला दिलेल्या शब्दाप्रमाणे गोणी शिवायला मी गाळ्याकडे परत निघालो. चालता चालता मी आमच्या घराच्या पायऱ्या चढत होतो. एक, दोन, तीन. चौथी काही केल्या पायाला लागत नव्हती.